चोचीतल्या फळाचा मागोवा

मार्चमधली सकाळ होती. ओढ्याकाठचा उंबर खोडापासून फांद्यांपर्यंत लगडला होता. एक तांबट आला, खोडाला बिलगला आणि पिकल्या उंबरात चोच खुपसून गर ओढून काढू लागला. कपाळावरचा लाल टिळा, डोळ्याभोवतीचा पिवळा रंग, चोचीला चिकटलेल्या बिया, सगळं तिरप्या उन्हात लखलखत होतं. मी वीस-पंचवीस फोटो काढले. घरी येऊन संगणकावर त्यांतला सर्वांत नेटका निवडला. एकच गोष्ट खटकत होती. तांबटाच्या पोटाशी एक अर्धवट कुरतडलेलं, काळपट पडलेलं उंबर होतं. ते मी पुसून टाकलं. शेजारच्या सालीचा तुकडा उचलून त्या जागी बसवला. दोन मिनिटांचं काम. फोटो एकदम स्वच्छ दिसू लागला.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांना तो कौतुकानं पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "एकाच फळावर तो किती वेळ होता? आजूबाजूची फळं टोचलेली होती का? तुमच्या फोटोत तर सगळी अख्खी दिसतायत." मग त्यांनी समजावून सांगितलं. कोणता पक्षी फळ अख्खं गिळतो आणि कोणता टोचून खातो, कोण एका फळावर पोट भरतो आणि कोण दहा फळं उष्टावतो, यावर त्या झाडाच्या बिया कुठे आणि किती दूर पडणार हे ठरतं. त्यांना जे पाहायचं होतं, नेमकं तेच मी डाग म्हणून पुसलं होतं.

मूळ फाइल माझ्याकडे होती, ती मी त्यांना पाठवली. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जाईना. फळ खाणाऱ्या पक्ष्याचं चित्र माणूस कधीपासून काढतो आहे, आणि ते काढताना तो काय जोडत, काय पुसत आला आहे? त्याचा शोध घेत गेलो तेव्हा माझी ही खोड किती जुनी आहे ते कळलं. ती मोडणारी माणसंही तितकीच जुनी आहेत, हेही कळलं.

या चित्राची सर्वांत प्रसिद्ध कथा ग्रीसमधली आहे. इ. स. ७९मध्ये मरण पावलेला रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक महाग्रंथाच्या ३५व्या भागात ती सांगतो. झ्यूक्सिस नावाच्या चित्रकारानं द्राक्षं अशी हुबेहूब रंगवली की खरे पक्षी ती टोचायला खाली उतरले. त्याचा प्रतिस्पर्धी पऱ्हॅसियस यानं पडद्याचं चित्र काढलं होतं. झ्यूक्सिस म्हणाला, आता तो पडदा सरकव आणि चित्र दाखव. चूक लक्षात आल्यावर त्यानं हार कबूल केली. आपण पक्ष्यांना फसवलं, पऱ्हॅसियसनं एका चित्रकाराला फसवलं, असा त्याचा हिशेब होता. प्लिनी पुढे आणखी एक प्रसंग देतो. झ्यूक्सिसनं नंतर द्राक्षं घेऊन जाणारा मुलगा रंगवला. पुन्हा पक्षी उतरले आणि या वेळी झ्यूक्सिस स्वतःवरच चिडला. मुलगाही द्राक्षांइतकाच जिवंत उतरला असता, तर पक्षी त्याला घाबरून लांब राहिले असते!

या कथेत चित्राची कसोटी एकच आहे: ते किती फसवतं.

आपल्याकडे याहून कितीतरी जुनं एक शब्दचित्र आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १६४वं सूक्त दीर्घतमस् ऋषींच्या नावावर आहे. त्यात एकाच झाडाला बिलगून बसलेले दोन पक्षी येतात. एक पिप्पलाचं गोड फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. मुंडक उपनिषदानं हेच चित्र पुढे नेलं आणि त्यावर शतकानुशतकं भाष्यं झाली. तो अधिकार माझा नाही. पण कॅमेरा घेऊन झाडाखाली तासन् तास बसणाऱ्याला त्या दुसऱ्या पक्ष्यात आपलं काम दिसतं. पाहणाऱ्यानं पाहावं, फळाला हात लावू नये.

फसवणाऱ्यांचं एक घराणं आणि पाहणाऱ्यांचं दुसरं. पुढची दोन-अडीच हजार वर्षं ही दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदत आली आहेत. कधी कधी तर एकाच माणसाच्या हातात.

पाहणाऱ्यांच्या घराण्यातला एक थोर पुरुष बाराव्या शतकातल्या चीनमध्ये भेटतो. दक्षिण सुंग दरबारातला चित्रकार लिन चुन. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात त्याचं एक छोटं चित्र आहे. रानसफरचंदाच्या जातीच्या फळांनी भरलेली फांदी आणि तिच्यावर टेकलेला एक चिमुकला पक्षी. त्या फळाचं एक जुनं चिनी नाव 'लाइ-छिन' असं आहे. त्याचा अर्थच 'पक्षी येतात ते'. फळाची ओळख त्याच्याकडे येणाऱ्या पाखरांवरून ठरावी, इतकं हे नातं त्या लोकांनी जवळून पाहिलं होतं. लिन चुनच्या चित्रातली पानं किडीनं खाल्लेली आहेत, त्यांच्या कडा वाळून तपकिरी झाल्या आहेत, फळांवर डाग आहेत. राजदरबारासाठी काढलेलं हे चित्र. ते गुळगुळीत करून द्यायला चित्रकाराला कोणाची आडकाठी नव्हती. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या खुणा त्यानं जीव लावून रंगवल्या, त्याच मी दोन मिनिटांत पुसल्या होत्या.

आपल्या बाजूला यायचं तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचं छत आठवतं. तिथे चौकटी-चौकटींत फळं, फुलं, पक्षी, प्राणी आहेत, पण त्यांचं काम छत सजवण्याचं आहे. एका विशिष्ट पक्ष्याला समोर ठेवून त्याचं रूप टिपण्याची दृष्टी आपल्याकडे मुघल चित्रशाळेत पक्की झाली. जहांगीर बादशहानं (कारकीर्द १६०५ ते १६२७) उस्ताद मन्सूरला 'नादिर-उल-अस्र', म्हणजे त्या काळातला अजोड, असा किताब दिला. मन्सूरनं साधारण १६१५च्या सुमारास रंगवलेला हिमालयातला निळ्या गळ्याचा तांबट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. आपल्या उंबरावरच्या तांबटाचा हा थोरला भाऊच. मन्सूरचं सगळं चित्त त्या पक्ष्यावर एकवटलं आहे.

पक्षी आणि झाड यांचं नातं एका कागदावर आणलं ते पाटण्याच्या शेख झैनुद्दीन यांनी. कोलकात्याचे सरन्यायाधीश एलायजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी घरी मोठा प्राणिसंग्रह बाळगला होता. त्याची चित्रं काढण्यासाठी त्यांनी १७७७ ते १७८२ या काळात झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या तिघांना कामाला लावलं. तीनशेहून अधिक चित्रं झाली. झैनुद्दीन यांच्या १७७७च्या एका चित्रात भांगपाडी मैना बोरीच्या फांदीवर बसली आहे आणि त्याच फांदीवर टसर रेशमाच्या जातीचे दोन पतंग, अळी आणि कोष आहेत. टसरची अळी बोरीचा पाला खाते. म्हणजे चित्रकारानं पक्ष्याला बसायला नुसती काठी दिलेली नाही. त्या झाडावर कोणकोण राहतं, हेही तो सांगतो.

नेमकं याच ठिकाणी अमेरिकेतल्या जॉन जेम्स ऑड्युबॉनचं काम दुभंगलेलं दिसतं. 'बर्ड्स ऑफ अमेरिका' हा त्याचा ग्रंथ १८२७ ते १८३८ या काळात निघाला. ४३५ चित्रं, बहुतेक पक्षी खऱ्या आकारात. त्यातल्या सीडर वॅक्सविंगच्या चित्रात पक्षी लाल सीडरच्या फळलेल्या फांदीवर आहेत, आणि ते योग्यच आहे. हा पक्षी तीच फळं खातो. पण ऑड्युबॉन रंगवायला बसे तो नुकत्याच मारलेल्या पक्ष्यासमोर. तारा खुपसून त्याला तो हव्या त्या ऐटीत उभा करी. झाडं-फांद्या अनेकदा दुसऱ्याच्या हातच्या असत. जोसेफ मेसन नावाचा मुलगा तेराव्या वर्षी त्याच्याबरोबर निघाला आणि पुढच्या दोन वर्षांत त्यानं पन्नासएक चित्रांसाठी वनस्पती रंगवल्या. छापील चित्रांवर त्याचं नाव आलं नाही. पक्षी एकाचा, फळ दुसऱ्याचं आणि दोघांची भेट कागदावर. संगणकावर एका फोटोतला पक्षी दुसऱ्या फोटोतल्या फांदीवर नेऊन बसवणाऱ्यांची वंशावळ इथपर्यंत मागे जाते.

मग कॅमेरा आला. आता तरी जे आहे ते दिसेल, असं वाटावं. पण एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा फार मंद होत्या. पुतळ्यासारखं बसलेलं माणूस टिपताना मारामार, तिथे फळावर चोच मारून क्षणात उडणारा पक्षी कुठून सापडणार? फ्रान्समधल्या एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून सेकंदाला १२ चित्रं टिपली खरी, पण त्यांना पक्ष्यांच्या पंखांची हालचाल अभ्यासायची होती. रानातल्या छायाचित्रकाराची अडचण वेगळी होती. जड कॅमेरा तिवईवर रोवायचा, आधीच फोकस लावून ठेवायचा आणि वाट पाहायची. त्यासाठी पक्षी नक्की परत येईल अशी जागा हवी. ती एकच होती. घरटं.

म्हणून पक्ष्यांच्या छायाचित्रणाची पहिली साठ-सत्तर वर्षं घरट्यापाशी गेली. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कियर्टन या भावांनी १८९२मध्ये एका थ्रशच्या घरट्याचा फोटो काढला. १८९५मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक रानात काढलेल्या छायाचित्रांनी सजलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक. विषय, अर्थात, घरटी. १९००मध्ये तर त्यांनी बैलाचं कातडं पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात बसून फोटो काढले. एरिक हॉस्किंग यांनी १९३७मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ एक डोळा गमावला. भारतात रेल्वेत अधिकारी असलेल्या ई. एच. एन. लोथर यांचं 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे पुस्तक १९४९चं. लोक वान थो हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिंगापूरहून भारतात आले, पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या सहवासात पक्ष्यांमागे हिंडले आणि १९५७मध्ये त्यांनी 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हे पुस्तक काढलं. ही सगळी माणसं निष्ठेची होती. त्यांच्या चिकाटीपुढे आजही मान लवते.

पण घरट्याच्या फोटोची किंमत पाखरांनी मोजली. घरटं दाट पाल्यात असतं. फोटोसाठी उजेड हवा म्हणून आडव्या येणाऱ्या डहाळ्या छाटायची किंवा बांधून बाजूला करायची पद्धत पडली. पाला हटला की ऊन पिलांवर येतं आणि कावळ्याला, सापाला वाट मोकळी होते. संगणक येण्याच्या कितीतरी आधी कात्रीनं आणि कोयत्यानं केलेलं हे एडिटिंगच. आता अनेक स्पर्धा आणि निसर्गप्रेमींचे मंच घरट्याचे फोटो घेतच नाहीत, ते योग्य आहे.

घरट्यानंतर भरवशाची दुसरी जागा म्हणजे फळलेलं झाड. वड पिकला की दिवसभर तिथे जत्रा असते. तांबट, कोकीळ, हळद्या, साळुंक्या, बुलबुल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, आणि कोकणातल्या गर्द झाडीत धनेश. उडून गेलेला पक्षी अर्ध्या तासात पुन्हा येतो. कोणाच्या पिलांवर गदा येत नाही. पण ही जागा हाती यायला यंत्रांना मोठी मजल मारावी लागली, कारण झाड उंच, पक्षी चंचल आणि उजेड पानांतून गाळून येणारा. १९३५मध्ये कोडॅक्रोम फिल्म आली आणि रंग हाताशी आला, पण ती फार मंद. १९८५मध्ये मिनोल्टाचा ७००० हा ऑटोफोकस कॅमेरा आला. १९९९मध्ये निकॉनचा डी१ आला आणि फिल्मच्या रोलमधले ३६ फोटो मोजून वापरायची सक्ती संपली. २०२०-२१पासून कॅनन आणि सोनीचे कॅमेरे पानांच्या गर्दीत पक्ष्याचा डोळा स्वतः शोधू लागले.

या यंत्रांनी आपल्याला काय दिलं, ते धनेशाकडे पाहिलं की कळतं. धनेशाची चोच लांबलचक, जीभ मात्र आखूड. चोचीच्या टोकात धरलेलं फळ जिभेनं घशापर्यंत ओढून नेता येत नाही. म्हणून तो मानेला हिसका देऊन फळ हवेत उडवतो आणि चोच वासून थेट घशात झेलतो. डोळ्यांना फक्त एक झटका दिसतो. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उघडझाप करणाऱ्या शटरला दिसतं ते असं: वासलेली चोच, तिच्या दोन टोकांच्या मधोमध अधांतरी थांबलेलं लालबुंद फळ आणि वर रोखलेला डोळा. त्या चित्रात धनेशाच्या चोचीची सगळी रचना उलगडते. कियर्टन बंधूंना हे बघायला मिळालं असतं तर ते हरखून गेले असते.

आता रंगाकडे येऊ. पक्ष्यांनी खायच्या फळांत लाल आणि काळा हे रंग फार, आणि कॅमेऱ्याला सर्वांत जास्त दगा देणारा रंग लालच. १९७६मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायर यांना ज्या रचनेचं पेटंट मिळालं, ती आज बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. सेन्सरवरच्या दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा, एक लाल आणि एक निळा उजेड मोजतो. पान टिपायला निम्मे बिंदू, वडाचं फळ टिपायला एक चतुर्थांश. त्यात कोवळ्या उन्हात लाल बिंदू सर्वांत आधी भरून जातात. मग फळावरचे बारीक ठिपके, गोलाई, चोचीची खूण काहीच उरत नाही, कुंकवाची सपाट टिकली तेवढी दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडाचा एकत्रित आलेख (हिस्टोग्राम) सगळं ठीक आहे असं सांगत असतो. लालचा आलेख वेगळा उघडला की घोळ कळतो. उपाय साधा आहे. उजेड थोडा कमी घ्यावा, सावल्या नंतर उजळता येतात. लालातला हरवलेला तपशील मात्र कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. आणून दाखवतं, ते त्याच्या मनचं असतं.

शिवाय आपण जो लाल पाहतो, तो पक्षी पाहतात त्याचा एक भागच आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. त्यांना अतिनील किरणही दिसतात आणि काही फळांवरच्या पांढुरक्या मेणाच्या थरावरून हे किरण परावर्तित होतात. आपल्या कॅमेऱ्यासमोरची काच ते अडवते. तेव्हा फळाचा 'खरा रंग' मला दाखवता येईल, हा दावाच मी करू नये. मला दिसला तो रंग मी प्रामाणिकपणे दाखवू शकतो, एवढंच.

गंमत अशी, की भडक रंग हा काही संगणकाचा शोध नाही. फुजीनं १९९०मध्ये वेल्व्हिया फिल्म आणली. तिच्यात हिरवा गडद आणि लाल अधिक लाल उतरे. निसर्गाचे फोटो काढणारे तिच्यावर लुब्ध होते. त्याच १९९०मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. म्हणजे जग अधिक रंगीत करून देणारी दोन साधनं एकाच वर्षी हातात पडली. फरक इतकाच, की फिल्म काही पुसत नसे, फोटोशॉपमध्ये काय पुसायचं ते आपण ठरवू लागलो.

एडिटिंगच नको, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रॉ फाइल हा कच्चा माल आहे. तांदळाचा भात शिजवावा लागतो, तसं तिचं चित्र करावं लागतं. पानांखाली बसलेल्या बुलबुलावर हिरवट झाक चढते, ती काढावीच लागते. आकाशासमोरचा काळा कोकीळ नुसता काळा ठिपका दिसतो, त्याची पिसं उजळावीच लागतात. चौकट कापून घ्यावी, सेन्सरवरची धूळ झटकावी. हे सगळं पूर्वी अंधाऱ्या खोलीत होई, आता पडद्यावर होतं. यात पाहिलेलं नीट दिसावं एवढाच हेतू असतो.

वाट सुटते ती पुढे. १९८२मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले गेले, त्याची चर्चा आजही होते. १९९४मध्ये छायाचित्रकार आर्ट वुल्फ यांच्या 'मायग्रेशन्स' या पुस्तकात कळपांतल्या रिकाम्या जागा संगणकावर प्राणी भरून सांधल्या होत्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या जगप्रसिद्ध स्पर्धेतलं २०१७चं एक पारितोषिक पुढच्या वर्षी परत घेतलं गेलं, कारण चित्रातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. त्या स्पर्धेत आता अंतिम फेरीतल्यांना मूळ रॉ फाइल द्यावी लागते. प्राणी, वनस्पती किंवा त्यांचे भाग चित्रात घालणं वा काढणं तिथे चालत नाही. तो नियम वाचला तेव्हा माझं कुरतडलेलं उंबर आठवलं.

२०१०मध्ये फोटोशॉपनं नको तो भाग निवडला की तिथे काय असावं हे स्वतः ठरवून भरायची सोय दिली. पुढे फोटोतला दाणेदारपणा (नॉइज) काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आणि २०२३मध्ये फोटोशॉपमध्ये शब्द लिहिले की चित्रात नवी वस्तू उभी करण्याची सोयही आली. मळभातला, उच्च आयएसओवर टिपलेला फोटो नॉइज काढणाऱ्या साधनांतून काढला की पिसं लख्ख दिसतात. पण मोठं करून पाहा. चोचीच्या बुडाशी जिथे फळाचा रस लागला होता, तिथे कधी कधी केस न केस विंचरलेली, कधीच नसलेली पिसं दिसतात. झ्यूक्सिसच्या घराण्याला असं साधन आजवर मिळालं नव्हतं.

फळाच्या बाबतीत तर ही फसवणूक कॅमेऱ्यासमोरच सुरू झाली आहे. आडोशात बसून फोटो काढायच्या जागा आता ठिकठिकाणी आहेत. तिथे शेवाळलेली देखणी फांदी रोवलेली असते आणि तिच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, पपईची फोड अडकवलेली असते. पक्षी येतो, फोटो सुंदर मिळतो, आणि तो पक्षी त्या झाडावर फळ खायला आला होता असं पाहणाऱ्याला वाटतं. अशा जागांमुळे ज्यांना रानात चढ-उतार झेपत नाहीत त्यांनाही पक्षी पाहायला मिळतात, चार घरांना रोजगारही मिळतो. त्यावर माझा राग नाही. फोटोखाली 'ठेवलेलं फळ' एवढे दोन शब्द लिहावेत, इतकंच माझं म्हणणं.

कारण फळ खाणाऱ्या पक्ष्याचा फोटो हे एक पूर्ण वाक्य असतं. पक्षी कर्ता आणि फळ कर्म. कर्म बदललं की वाक्य खोटं होतं.

टिकेलच्या फुलटोच्याचंच घ्या. आंब्यावर, चिकूवर वाढणाऱ्या बांडगुळाची फळं हा अंगठ्याएवढा पक्षी खातो. त्यातली बी भलतीच चिकट. ती पोटातून बाहेर पडते तेव्हा चिकट धाग्याला लोंबकळत असते आणि फुलटोच्या बूड फांदीवर घासून ती पुसून टाकतो. बी तिथेच चिकटते आणि रुजते. असा धागा लोंबणारा फोटो हाती आला तर शंभरातले नव्वद जण तो घाण म्हणून पुसतील. पण बांडगूळ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कसं जातं, याचं सगळं उत्तर त्या धाग्यात आहे. बुलबुलाच्या चोचीतलं घाणेरीचं काळं फळही तसंच. अमेरिका खंडातून आलेली ही काटेरी झुडपं आपल्या डोंगरांत कशी पसरली, ते त्या एका फोटोत दिसतं.

सीडर वॅक्सविंगची गोष्ट याहून विलक्षण आहे. याच्या शेपटीच्या टोकाला पिवळी पट्टी असते. १९६०च्या दशकापासून अमेरिकेच्या पूर्व भागात काही पक्ष्यांची ही पट्टी नारिंगी दिसू लागली. शोध घेता कळलं, की बागांतून आणलेल्या परदेशी हनीसकलची फळं हे पक्षी खाऊ लागले होते आणि पिसं वाढण्याच्या काळात त्या फळांतलं तांबडं रंगद्रव्य पिसांत उतरत होतं. फळ खाल्लं, रंग अंगावर आला! आता विचार करा. कुणी तो नारिंगी रंग कॅमेऱ्याची चूक समजून पिवळा केला असता, किंवा एखाद्यानं आपला पिवळा पक्षी जास्त देखणा दिसावा म्हणून नारिंगीकडे सरकवला असता, तर दोन्ही फोटो सुंदर दिसले असते आणि दोन्हींनी त्या पक्ष्याच्या बदललेल्या आहाराचा पुरावा खाऊन टाकला असता.

आज हजारो मराठी माणसं कॅमेरे घेऊन रानात जातात. त्यांच्या संगणकांवर जे साठलं आहे, ते एखाद्या संशोधकाला आयुष्यभर हिंडून गोळा करता येणार नाही. कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, कोणता पक्षी कोणतं फळ खात होता, याचा तो साक्षीदारांचा जमाव आहे. फक्त या साक्षींना नाव-गाव हवं. आपले बहुतेक फोटो पक्ष्याचं नाव सांगून थांबतात. झाड मुकं राहतं.

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. तो निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि सालिम अली यांच्या जन्मदिवशी संपतो. गावोगावी पक्ष्यांच्या फोटोंची प्रदर्शनं लागतात. या वर्षी तुम्ही फोटो लावाल तेव्हा पक्ष्याच्या नावाखाली झाडाचं नाव लिहा, गाव आणि तारीख लिहा, फळ ठेवलेलं असेल तर तसं लिहा. मूळ फाइल जपून ठेवा. उजेड हवा तेवढा सावरा, पण चोचीतल्या आणि चोचीजवळच्या फळाला हात लावू नका. माझ्या तांबटाचा फोटो मी आता त्या कुरतडलेल्या उंबरासकट लावतो आणि खाली लिहितो: तांबट, उंबरावर, मार्च.